कॅमेलियावरच्या बाटल्या

बालबीना जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. जाण्याआधी नीट कळेल असं जे शेवटचं ती मुलीशी बोलली, ते ना देवाधर्माचं होतं, ना घरादाराचं.

"कॅमेलिया भरात आली की बाटल्या लाव," ती म्हणाली. "फेब्रुवारी सरू देऊ नकोस. राण्या बाहेर पडतात."

मग तिने प्रमाण सांगितलं. दोन भाग काळ्या बेरीचं सिरप, दोन भाग पाणी, एक भाग पांढरी वाइन. ओतीलियाने ते हातात आलेल्या औषधाच्या खोक्यावर लिहून घेतलं. त्या घटकेला तिला मधमाश्यांची काडीइतकी पर्वा नव्हती, पण आई सांगत होती म्हणून ती लिहीत होती.

ओतीलिया डोंगरापलीकडच्या शहरात शाळेत इतिहास शिकवायची. सत्तेचाळीस वर्षांची, एकटी, पुस्तकांच्या ढिगात राहणारी बाई. ईस्टरपर्यंत रजा काढून ती खाडीकाठच्या या वस्तीत वडिलांपाशी राहिली होती. घर तेच होतं. पुढे अंगण, अंगणात आजोबांच्या वेळचं कॅमेलियाचं झाड, मागे दगडी खांबांवर उचललेला द्राक्षांचा मांडव आणि मांडवाच्या शेवटी, निलगिरीच्या झाडांकडे पाठ करून ठेवलेल्या बालबीनाच्या मधमाश्यांच्या सात पेट्या.

गेल्या शरदात या पेट्या नऊ होत्या. निलगिरीच्या शेंड्यावर गांधीलमाश्यांनी भोपळ्याएवढं पोळं बांधलं होतं, आणि ते दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता. काळ्या अंगाच्या, पिवळ्या पायांच्या त्या माश्या पेटीच्या तोंडासमोर हवेत टांगल्यासारख्या उभ्या राहायच्या आणि घरी परतणारी मधमाशी एकेक करून उचलून न्यायच्या. बालबीना दुखत्या कुशीवर एक हात दाबून दुसऱ्या हाताने बॅडमिंटनची रॅकेट फिरवत तासन् तास तिथे उभी असायची. तरी दोन पेट्या गेल्याच. आता फेब्रुवारीत गांधीलमाशीची एक राणी धरली की शरदातलं एक पोळं टळतं, एवढा साधा तो हिशोब होता. हिवाळाभर सालीखाली निजलेली राणी पहिल्या उन्हाला उठते, भुकेली असते आणि त्या दिवसांत या मुलखात दुसरं काही फुललेलं नसतं. ती कॅमेलियावर येते.

राण्या धरायच्या बाटल्या कोठीत होत्या. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, गळ्याकडचा भाग कापून उलटा बसवलेला, वरून पावसासाठी दह्याच्या डब्याची टोपी, कडेला तार. सगळ्यांवर आईच्या हाताची सफाई होती. सिरप होतं. वाइन नव्हती, कारण त्या घरात अकरा वर्षं वाइन नव्हती.

आसपासच्या प्रत्येक घरात पिंप होतं. ज्या मुलखात माणसं पाण्याआधी पांढरी पुढे करतात, तिथे तिच्या वडिलांनी, एलादिओने, अकरा वर्षांपूर्वी पिंपं विकली, रस काढायचा घाणा विकला आणि मांडवाची द्राक्षं तशीच्या तशी सहकारी संस्थेच्या गाडीत चढवायला सुरुवात केली. तळघरात आता बटाटे असत. त्याआधीची त्याच्या पिण्याची पंचवीस वर्षं ओतीलिया विसरली नव्हती. तिच्या पदवीदानाला तो आला होता. जसा येऊ नये म्हणून तिने आदल्या रात्री देवाला विनवलं होतं, तसाच आला होता. तिला दोष द्यायचा नव्हता. पण आता तो शहात्तर वर्षांचा होता, बायको जाऊन महिना झाला होता, आणि सकाळी तो दोन पेले कॉफी ओतायचा, मग एक परत भांड्यात रिकामा करायचा. असल्या घरात तीन लिटर पांढरी आणून फडताळात ठेवायला तिचा हात धजेना.

तिने वाइनच्या जागी पाणी घातलं. वर चमचाभर खमीर टाकलं. दोन दिवसांत आपोआप आंबेल, झालं, असा तिने विचार केला. कॅमेलियावर तीन बाटल्या टांगल्या, लिंबाच्या झाडावर एक आणि पेट्यांजवळ दोन.

"लावल्यास?" एलादिओने जेवताना विचारलं.

"लावल्या."

त्याने मान हलवली. काहीतरी बोलायचं होतं तसा तो थोडा थांबला, मग पानातला बटाटा काट्याने चिरडत बसला. तिने विषय बदलला.

मंगळवारी कार्निव्हलचा, घरोघर घावनं होण्याचा दिवस होता. त्यांच्या घरी सुतक, त्यामुळे तवा चढला नव्हता. शेजारची दोसिंदा फडक्यात घावनांची चवड बांधून घेऊन आली. सत्तरीची बाई, आवाज मात्र बाजारात मासे विकणारीचा.

"सुतकात घावनं करू नयेत," ती दारातूनच म्हणाली, "खाऊ नयेत असं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. घे पोरी. तुझ्या गालांत आता दोन अक्रोड मावतील."

"मावशी, एवढी कोण खाणार?"

"तुझा बाप. आणि तो नाही म्हणाला तर कोंबड्या. त्या सुतक पाळत नाहीत." तिची नजर अंगणाकडे गेली. "अगं बाई, लागल्या का बाटल्या? आणि वाइन? मी तर एक बुधला भरून बाजूला काढून ठेवलाय कधीचा."

ओतीलिया म्हणाली, "मी शहरातून आणली होती."

"शहरातली!" दोसिंदाने हात कपाळाला लावला. "राण्या नाक मुरडतील हो. आशियातून आलेल्या असल्या म्हणून काय झालं, इथे येऊन त्यांना आमच्याच मांडवाची चव लागलीय. बरं, आणलीस तर आणलीस. फांदी लावलीय मी दाराला, बुधला काय तिथेही खपेल."

दोसिंदाच्या दाराला लॉरेलची फांदी लागली की तिच्या घरची वाइन विकायला निघाली असं समजायचं. मग तिच्या तळघरात बाकं मांडली जात, आणि एप्रिल-मेपर्यंत वस्तीतले पुरुष दुपारपासून तिथे बसत. ओतीलिया लहानपणी त्या फांदीला घाबरायची.

त्यानंतर तीन दिवस खाडीवरून धुकं आलं. चौथ्या दिवशी, शनिवारी, ऊन पडलं. असं ऊन की दगडी खांब दुपारी हाताला कोमट लागले. ओतीलिया स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. खिडकीतून तिला दिसलं की वडील कॅमेलियाखाली उभे आहेत. त्यांनी एक बाटली काढली, उजेडात धरली. मग दुसरी काढली. मग ते कोठीतून कौलाएवढी काळ्या दगडाची पाटी घेऊन आले, भिंतीवर ठेवली आणि बाटली तिच्यावर उपडी केली.

ती हात पुसत बाहेर गेली.

पाटीवर मधमाश्या होत्या. चाळीस, पन्नास. सिरपने अंगाला पंख चिकटून गेलेल्या, जांभळट, एकमेकींवर पडलेल्या. त्यांच्यात गांधीलमाशी एकच होती, तीही राणी नव्हे, साधी इथलीच पिवळी.

"आपल्याच आहेत," एलादिओ म्हणाला.

आईने ओतीलियाला एकदा सांगितलं होतं, फेब्रुवारीतली माशी उन्हाळ्यातल्या माशीसारखी नसते. ती ऑक्टोबरात जन्मलेली असते, सगळा हिवाळा राणीभोवती गोळा करून काढलेला असतो तिने, आणि वसंतातली पहिली पिल्लं तिलाच वाढवायची असतात. तिची जागा घ्यायला अजून कुणी जन्मलेलं नसतं.

वडिलांनी बाटली नाकाशी नेली. खोल वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला, जणू पहिल्यांदा चूक झाली असावी.

"यात वाइन नाही."

"नाही."

"माश्यांना वाइनचा वास सोसत नाही. त्या जवळ फिरकत नाहीत. म्हणून तर घालायची असते." तो अगदी हळू बोलत होता. "विसरलीस का?"

त्याने प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच ठेवलेलं होतं. हो म्हटलं की मिटलं असतं. दुःखात माणूस विसरतो, बाप म्हणाला असता, असू दे. ओतीलियाने पाटीकडे पाहिलं. एक माशी पाय हलवत होती.

"नाही," ती म्हणाली. "विसरले नव्हते."

एलादिओने बाटली भिंतीवर ठेवली. ती सरळ उभी राहीपर्यंत हात काढला नाही. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"घरात नको म्हणून," तो म्हणाला.

"हो बाबा."

"दोसिंदाला काय सांगितलंस?"

"शहरातून आणली म्हणून."

"हं." त्याने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. "मी जाऊन आणतो तिच्याकडून."

"मी जाते ना. पाच मिनिटांचं काम. तुम्ही..."

"तू बाटल्या धू," एलादिओ म्हणाला. "गरम पाण्याने. साबण नको."

आणि तो फाटक उघडून गेला. शनिवारची दुपार होती. त्या वेळी दोसिंदाच्या तळघरात बाकावर बसायला जागा मिळत नसे, हे ओतीलियाला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

तिने उरलेल्या चार बाटल्या उतरवल्या. पेट्यांजवळच्या दोन सर्वांत वाईट होत्या, त्यांत सिरप दिसतच नव्हतं. तिने सगळ्या पाटीवर ओतल्या. मग तिला आईचं एक काम आठवलं. एकदा मधाच्या बादलीत माश्या पडल्या होत्या तेव्हा आईने त्या कोमट पाण्यात धुऊन उन्हात वाळत घातल्या होत्या. तिने परातीत पाणी घेतलं, कोपर बुडवून पाहिलं, आणि चमच्याने एकेक माशी धुवायला लागली. धुतलेली माशी पाटीवर, काळ्या दगडावर, जिथे ऊन जास्त लागत होतं तिथे.

पंधरा मिनिटं झाली. दोसिंदाचं घर दोनशे पावलांवर होतं.

ती धूत राहिली. पहिल्यांदा काहीच होईना. मग एका माशीने पोट आत-बाहेर केलं. ओतीलिया इतकी वाकली की तिचा श्वास लागून माशी घरंगळली. तिने तोंड बाजूला घेतलं. थोड्या वेळाने ती माशी उठली, पुढच्या पायांनी डोळे पुसू लागली. मग आणखी एक. मग बराच वेळ कुणीच नाही.

अर्धा तास झाला. मग पाऊण.

तिने हात पुसले नाहीत. ओल्या हातांनीच ती फाटकाबाहेर पडली आणि दोन्ही बाजूंनी दगडी बांध असलेल्या त्या वाटेने चालू लागली. बापाला हाताला धरून आणायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने ते आधीही केलं होतं, बारा वर्षांची असताना, सोळाची असताना. हाताला धरलं की तो यायचा. गरीब गायीसारखा यायचा, त्याचीच लाज जास्त वाटायची.

वळणावर आल्यावर लॉरेलची फांदी दिसली. तळघराचं दार सताड उघडं होतं. आतून पुरुषांचे आवाज येत होते, कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बस रे एलादिओ, बस, जागा केलीय," आणि बाक सरकल्याचा आवाज आला. मग हशा. त्यात त्याचं हसू होतं की नाही, ते तिला ओळखू येईना. महिनाभर ते तिने ऐकलंच नव्हतं.

दारापर्यंत वीस पावलं उरली होती. ती आत गेली असती तर सगळे गप्प झाले असते. टोप्या उतरल्या असत्या, आईबद्दल दोन शब्द बोलले असते, आणि मग सगळ्यांनी पाहिलं असतं की एलादिओची मुलगी त्याला न्यायला आलीय. अकरा वर्षांनी, बायकोला पुरून महिना झालेला असताना. त्याने पेला उचललेला असो वा नसो, त्या क्षणानंतर ते कुणी विचारलं नसतं.

ओतीलिया तिथे उभी राहिली. तिच्या बोटांवरचं सिरप वाळून चिकट झालं होतं. मग ती वळली आणि घरी परत आली. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यांत लांब दोनशे पावलं होती.

पाटीवर नऊ माश्या उठून बसल्या होत्या. तिने पाटी दोन्ही हातांनी उचलली, मांडवाच्या शेवटी नेली आणि मधल्या पेटीच्या तोंडाशी टेकवली. पहारेकरी माश्या बाहेर आल्या, ओल्या माश्यांना हुंगू लागल्या. बराच वेळ हुंगलं. मग आत जाऊ दिलं. सगळ्यांना नाही. एकीला ढकलून बाहेर काढलं, का ते तिला कळलं नाही.

फाटक वाजलं तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. एलादिओच्या डाव्या हातात काचेचा बुधला होता, तोंडाला बूच, वर फडकं बांधलेलं. तो सरळ चालत होता. पण तो नेहमीच सरळ चालायचा, कितीही प्यायला तरी. चालण्यावरून काही सांगता येत नसे.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"हो."

"सगळे उठून उभे राहिले. एकेकाने हात हातात घेतला. मग दोसिंदाने बसवलं, खाल्ल्याशिवाय बुधला देत नाही म्हणाली. वर तुझी शहरातली वाइन कशी निघाली ते विचारत होती. मी म्हटलं, पाणचट."

ओतीलियाला हसू आलं नाही. तिने बुधल्याकडे पाहिलं. भरलेला होता. पण बुधला भरलेला असण्याने काय कळतं?

एलादिओने तो दगडी बाकावर ठेवला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. टोपी काढली.

"वास घे."

"बाबा, नको."

"घे. आई घ्यायची. दर वर्षी मीच आणायचो ही. तीच पाठवायची मला, एकट्याला. वर्षातून एक दिवस त्या दारात पाय ठेवायचा, बुधला घ्यायचा, घरी यायचं. पहिल्या वर्षी मी वळणावरूनच परत आलो, रिकाम्या हाताने. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी परत पाठवलं." तो थांबला. "आणि आलो की इथे उभं करून वास घ्यायची. मला वाईट नाही वाटायचं, पोरी. मी सांगितलेलं खरं आहे हे कळायला आणखी कुठला रस्ता होता? तू न विचारता ठरवलंस, त्याचं वाईट वाटलं."

ती जवळ गेली. बापाच्या इतक्या जवळ ती कित्येक वर्षांत गेली नव्हती, दफनाच्या दिवशीही नाही. त्याने लहान मुलासारखं तोंड उघडलं आणि श्वास सोडला.

कांद्याचा वास होता. तळलेल्या माशाचा. जुन्या दातांचा, लोकरीच्या शर्टाचा, तळघरातल्या धुराचा. तिने पुन्हा एकदा घेतला, तेवढाच खोल, जेवढा त्याने बाटलीचा घेतला होता. अंग चोरलं नाही.

"कांदा," ती म्हणाली.

"एम्पानादा होती. सार्डिन माशांचं सारण भरलेली. कांदा अंमळ जास्तच घालते ती."

त्यांनी तिथेच, अंगणात, मिश्रण केलं. ओतीलियाने नरसाळं धरलं. एलादिओने ओतलं. नरसाळ्याबाहेर एक थेंब पडला नाही. वाइनचा वास अंगणभर झाला, हिरव्या सफरचंदासारखा. सहा बाटल्या झाल्या. त्याने फांदी खाली ओढून धरली, तिने तार अडकवली.

बुधल्यात तळाशी चार बोटं वाइन उरली होती.

"आई उरलेल्याचं काय करायची?" ओतीलियाने विचारलं.

"लिंबाखाली ओतायची. ती ओतायला निघाली की मी कोठीत जाऊन काहीतरी शोधत बसायचो. काय शोधतोय ते तीही विचारत नसे."

ओतीलियाने बुधला उचलला. दोन पावलं लिंबाकडे गेली आणि थांबली. मग परत येऊन तिने तो वडिलांच्या हातात दिला, भाजीची टोपली घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. खिडकीकडे पाठ करून तिने बटाटे सोलले, भाजी धुतली, चुलीवर पाणी ठेवलं. पाणी उकळायला लागलं तरी तो आला नव्हता. तिने मागे वळून पाहिलं नाही.

शेवटी दार वाजलं. त्याने धुतलेला बुधला ओट्यावर उपडा ठेवला. त्यातून पाणी ओघळत होतं.

"एक आली," एलादिओ म्हणाला. "वरच्या बाटलीपाशी घिरट्या घालतेय. अंगठ्याएवढी आहे. चल, बघायची असेल तर."